वकिलाचं पुस्तक वकिलानंच वाचावं का?

चष्मा_कुठाय

परवा माळा आवरताना बायकोने तीन ढीग केले: ठेवायचं, रद्दी, आणि "हे तुम्ही कशाला घेतलंत?" तिसऱ्या ढिगात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचं पुस्तक, जमीन महसूल संहिता, औषधांची एक जुनी सूची आणि बहिणीकडून आलेले विश्वकोशाचे चार सुटे खंड. मी बँकेत आयुष्य काढलं. वकील नाही, डॉक्टर नाही, जमीनही नाही. तरी "ठेव" म्हणालो, आणि त्यावरून घरात जे पेटलं ते इथे घेऊन आलोय.

माझी बाजू अशी. २०१६ साली आमचा दुसरा फ्लॅट भाड्याने दिला. सोसायटीने महिना ३,००० रुपये नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायचं शुल्क, लावले. विचारलं तर उत्तर आलं, "जनरल बॉडीचा ठराव आहे, काका." मी अप्पा बळवंत चौकात जाऊन ते उपविधींचं पुस्तक आणलं. त्यात सरळ लिहिलेलं की हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि सेवाशुल्क धरताना महापालिकेचे कर वगळायचे. मागे शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा आदेश. आमचं सेवाशुल्क होतं १,८५०. म्हणजे १८५ रुपये. एक पानी पत्र दिलं, त्यात फक्त तारीख, कलम आणि हा हिशोब. पुढच्या बिलात १८५ आले. कोणी काही बोललं नाही. लिफ्टमध्ये मात्र दोन महिने कोणी हसलंही नाही.

कायदा मला तेव्हाही कळत नव्हता, आताही कळत नाही. पण समोरच्यालाही तो येत नव्हता, हे त्या पुस्तकामुळे कळलं.

मुलगा म्हणतो, हे सगळं फोनवर मिळतं. बायको म्हणते, एकदा उपयोग झाला म्हणून जन्मभर धूळ पुसायची का? तुम्ही सांगा.

खिचडी_स्पेशालिस्ट

काकू बरोबर. धाग्याचा निकाल लागला, सगळ्यांनी चहा घ्या.

काळा_डगला

तुमचे १८५ रुपये खरे आहेत. ती दहा टक्क्यांची मर्यादा मुंबई उच्च न्यायालयानेही २००७ मध्ये उचलून धरली. पण तुमचं नशीब की तुम्ही उघडलं ते पान सोपं होतं. माझ्या टेबलासमोर बसतात ती माणसं कठीण पान उघडून आलेली असतात.

एक उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. वडील गेल्यावर जमिनीच्या नोंदीत वारसाचा फेरफार झाला, त्यात बहिणीचं नाव लावायचं राहून गेलं. भावजींनी तुमच्यासारखीच महसूल संहिता विकत आणली. कलम १५५ सापडलं: लेखनातल्या चुकांची दुरुस्ती. झालं! तहसीलदारांकडे अर्ज, तारखा, हेलपाटे. आठ महिन्यांनी उत्तर आलं की ही हाताची चूक नाही, हक्काचा वाद आहे, अपिलात जा. आणि खालच्या अधिकाऱ्याच्या हुकमावर अपील करायला मुदत ६० दिवस. म्हणजे आता आधी विलंबमाफीचा अर्ज, त्यावर वाद, मग मूळ मुद्दा. माझी फी वाढली, माझं काय जातंय?

सामान्य वाचकाची चूक कुठे होते ते इतक्या वर्षांत मला पाठ झालंय. तो कलम वाचतो आणि "परंतु"च्या आधी थांबतो. आपल्या कायद्यांत बहुतेक गंमत "परंतु" या शब्दानंतर सुरू होते. त्याला आम्ही परंतुक म्हणतो. मग स्पष्टीकरण, मग व्याख्यांचं कलम, मग नियम, मग शासनाचे आदेश, मग निकाल. पुस्तकात यातलं पहिलं निम्मंच असतं.

शिवाय पुस्तक शिळं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ४२० आता ३१८ मध्ये आहे. लोक अजून ४२० चीच धमकी देतात आणि घरात पुस्तकही तेच असतं.

चष्मा_कुठाय

मान्य. पण मग भावजींनी काय करायला हवं होतं? तलाठी सांगेल ते ऐकायचं?

काळा_डगला

पहिल्या आठवड्यात कोणाला तरी विचारायचं. पुस्तक आणायचा दिवस तोच विचारायचा दिवस.

जुना_कंपाउंडर

चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा राहिलोय, म्हणून वकीलसाहेबांच्या बाजूने.

तुमच्या त्या औषधांच्या सूचीबद्दल बोलतो. ती पहिल्यांदा रद्दीत टाका. ती डॉक्टरांसाठी असते, आणि डॉक्टर ती वाचत नाहीत, चाळतात: नाव, मात्रा, कशाबरोबर चालत नाही. घरचा माणूस वाचतो दुष्परिणाम. आणि दुष्परिणामांची यादी वाचून ब्लडप्रेशरची गोळी परस्पर बंद केलेली माणसं मी मोजायची सोडून दिली. "चक्कर येऊ शकते असं लिहिलंय हो." अहो, लिहिलंय, पण किती जणांना ते वाचलंत का? औषधांच्या पत्रकात "क्वचित" हा बोलीतला क्वचित नसतो. युरोपातल्या पत्रकांत तर ठरलेलं माप आहे: दहात एकाला किंवा जास्त जणांना होत असेल तर "फार वेळा", हजारात एकाहून कमी पण दहा हजारांत एकापर्यंत असेल तर "क्वचित". ती यादी म्हणजे भविष्य नव्हे. पण आपला माणूस ती पंचांगासारखी वाचतो, आज काय होणार म्हणून.

तिखटमीठ

कंपाउंडर काका, पण उलटही आहे ना. माझ्या मुलाला ताप होता. तापाचं सिरप चालू होतं, वर शेजारणीने सर्दीचं दिलं. मी दोन्ही बाटल्या उलट्या करून वाचल्या, दोन्हीत पॅरासिटामॉल! तेही कंपाउंडरनेच वाचायचं का?

जुना_कंपाउंडर

ते वाचायलाच हवं, ताई. उलट अजून एक वाचा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. बाटली जवळपास तशीच, चमचा तोच, औषध दुप्पट. मागच्या वेळी "एक चमचा" सांगितलं होतं म्हणून या वेळीही एक चमचा, हा सगळ्यात मोठा घोटाळा. लेबल तुमच्यासाठी आहे, सूची तुमच्यासाठी नाही. एवढंच म्हणायचंय मला.

पऱ्हाटीवाला

शहरातली भांडणं गोड असतात राजेहो. ३,००० चे १८५. आमच्याकडं पुस्तक न वाचल्यानं माणूस जातो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. २०१७ ला कापसावर फवारणी करताना आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. तेव्हा सगळे म्हणाले, शेतकऱ्यानं लेबल वाचायला पाहिजे होतं. बरं. लेबल दाखवतो तुम्हाला. डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, खालचा अर्धा रंगीत. लाल म्हणजे सगळ्यात जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे मी शिकलो तेव्हा फवारून बारा वर्षं झाली होती. आमचा गडी हिरवा पाहून म्हणायचा, हे पिकासाठी चांगलं आहे, हिरवं आहे! आत घडी घातलेलं पत्रक असतं, पातळ कागद, पाच-सहा भाषा, मुंगीएवढी अक्षरं. दुपारी बारा वाजता वावरात, ओल्या हातानं ते कोण वाचणार?

पण मी म्हणतो ते पत्रक फेकू नका. त्यात औषध कोणत्या गटातलं आणि त्यावर उतारा काय, ते लिहिलेलं असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट असलं तर अ‍ॅट्रोपिन. पायरेथ्रॉईड असलं तर ठरावीक उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार. माणूस दवाखान्यात नेताना डबा आणि पत्रक संग न्यायचं. आपल्याला नाही समजलं तर डॉक्टरला समजते. म्हणजे वकीलसाहेब, पुस्तक वाचायलाच पाहिजे असं नाही, योग्य माणसाच्या हातात द्यायलाही ते जवळ पाहिजे.

काळा_डगला

हे मी लिहून ठेवतो. खरंच.

पऱ्हाटीवाला

अजून एक, तुमच्या परंतुकाचा आमचा भाऊ. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी निघते, बाकी विद्यापीठांचीही असतात. सगळ्यात चांगली पुस्तकं, मेळाव्यात घेतो मी. त्यात मात्रा १० लिटर पाण्याला असते आणि अशा शिफारशींखाली बारीक टीप येते: हे प्रमाण साध्या पंपासाठी, पॉवर पंपासाठी तीनपट. कारण पेट्रोलचा पंप कमी पाण्यात जास्त वावर उरकतो. आता बॅटरीचे पंप आले. त्याला हात मारावा लागत नाही म्हणून लोकं त्याला पॉवर पंप समजतात आणि डब्याडब्यानं तीनपट ओततात. तो पाणी साध्या पंपाएवढंच फेकतो! टीप वाचली नाही तरी नुकसान, वाचून चुकीची समजली तरी नुकसान.

खिचडी_स्पेशालिस्ट

आता मला काय बोलावं कळत नाहीये. चहा मागे घेतो.

मानीव_वाचक

मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे माझं दुखणं वेगळं. तुम्ही सगळे गृहीत धरताय की पुस्तक उघडलं की निदान वाचता तरी येतं. "मानीव अभिहस्तांतरण" म्हणजे काय ते इथे किती जणांना माहीत आहे? डीम्ड कन्व्हेयन्स म्हटलं की रिक्षावालाही सांगेल: बिल्डर सही करत नाही, म्हणून सरकार सोसायटीच्या नावावर जागा करून देतं. मराठी शब्द चूक नाही हो. "मानलेलं हस्तांतरण", नीट बसवलेला आहे. पण तो कोशातून थेट राजपत्रात गेला, मध्ये बाजारात थांबलाच नाही. माझं मत, सामान्य माणसाला तज्ज्ञांच्या पुस्तकाची भीती वाटते त्यातली अर्धी विषयाची नसते, शब्दाची असते.

आणि यात विश्वकोश मला वेगळा काढावासा वाटतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तो उभा केला तोच मुळी तज्ज्ञाकडून बिगरतज्ज्ञासाठी. एका विषयातला प्राध्यापक दुसऱ्या विषयात अडाणीच असतो, त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून त्यातल्या चांगल्या नोंदी लिहिल्यात. काका, ते चार खंड ठेवा. (सगळा आता जालावर फुकट आहे, हे काकूंना सांगू नका.)

पाणी_जपून

फुकटवरून आठवलं. भारतीय मानक ब्यूरोची मानकं आता संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. कोरडं वाचन आहे, आरती प्रभू नव्हे. पण आयएस १०५००, पिण्याच्या पाण्याचं मानक, हे प्रत्येक घरात छापून फ्रिजला लावावं.

आमच्याकडे फिल्टरवाला आला. मीटर बुडवला, म्हणाला, "मॅडम, टीडीएस ३१०! हे पाणी पिताय?" मी मानक काढून दाखवलं: विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतं. मग त्याने दोन सळ्यांचं यंत्र काढलं, विजेला लावलं, आमचं पाणी तपकिरी, त्याचं स्वच्छ. ती घाण पाण्यातली नसते, त्या लोखंडी सळीची असते. त्याच्या पाण्यात क्षार नावालाच, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं.

जुना_कंपाउंडर

आणि त्याच मानकात जंतूंबद्दल काय लिहिलंय ते वाचलंत का? १०० मिली पाण्यात ई. कोलाय सापडताच कामा नये. टीडीएसच्या मीटरला जंतू दिसत नाहीत. ३१० हा आकडा पाहून फिल्टरवाल्याला हाकललंत ते ठीक, पण पाणी चांगलं आहे हे त्यावरून ठरत नाही.

पाणी_जपून

उकळून पितो काका. पण हो, ते पान मी वाचलं नव्हतं. पीएच आणि टीडीएस पाहून बंद केलं होतं.

काळा_डगला

बघा. परंतुक.

तिखटमीठ

वकीलसाहेब, तुमचं म्हणणं पटतंय तितकंच खटकतंय. "अर्धं वाचण्यापेक्षा वाचूच नका" हे सांगणारा माणूस नेहमी पूर्ण वाचलेलाच असतो. डॉक्टर असो, वकील असो की सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्यासारख्यांना पूर्ण कधीच येणार नाही. मग अर्ध्यावर जगायचंच नाही का? आणि "कोणाला तरी विचारा" म्हणताना त्या कोणाची फी कोण भरणार?

काळा_डगला

वाचू नका असं मी म्हटलेलं नाही. आधी विचारा म्हटलं. फीबद्दल बोललात ते मात्र लागलं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. चष्मासाहेब वकिलाकडे गेले असते तर पहिल्या भेटीतच त्यांचे वाचलेले पैसे संपले असते, हेही कबूल. पण एक करा, आता ते पुस्तक हाताशी आहे तर दहा टक्क्यांच्या आजूबाजूची पाच वाक्यं वाचा. "कुटुंब" या शब्दाची व्याख्याही बघा. सहज सांगतोय.

चष्मा_कुठाय

वाचली. आता काय सांगू.

भाडेकरू २०१९ मध्ये गेले. त्यानंतर चौदा महिने त्या फ्लॅटमध्ये माझी मुलगी आणि जावई राहत होते. सोसायटी १८५ लावत राहिली आणि मी, दहा टक्क्यांचा विजयी वीर, दर महिन्याला भरत राहिलो. पुस्तकात तिथेच, जवळच लिहिलंय की सभासदाचं कुटुंब किंवा लग्न झालेली मुलगी राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही. माझ्या पेन्सिलीची खूण त्याच्या आधीच्या वाक्यावर आहे.

चौदा गुणिले १८५, २,५९०. बायकोला अजून सांगितलेलं नाही. पुस्तक माळ्यावरून खाली आणलंय, सध्या टीव्हीखालच्या कप्प्यात आहे.

काळा_डगला

परत मागणार असाल तर पत्र लिहिण्याआधी मला दाखवा. फी नको. विश्वकोशाचे ते चार खंड कुठले आहेत तेवढं सांगा, माझ्याकडे आठवा नाही.