तरुण भारतचे जुने अंक ऑनलाइन मिळतात का?

खानापूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, एमएच्या प्रोजेक्टला 1956 च्या सीमाप्रश्नाच्या बातम्या शोधालोय. गुगलवर तरुण भारत टाकलं की नागपूरचाच पेपर पुढं येतोय, आपला बेळगावचा काढला तर अलीकडचंच दिसालंय. पेपर डिजिटल झाला म्हणजे जुनं सगळं चढवलेलं असतंय ना?

शहापूरकर:
नागपूरचा वेगळा रे. आपला 1919 साली बाबुराव ठाकूरांनी बेळगावात काढला, स्वातंत्र्य चळवळीतला माणूस, पुढं सीमालढ्यातही होते. म्हणून सीमाप्रश्न ही त्या पेपरात नुसती बातमी नसायची, भूमिका असायची, हे प्रोजेक्टमध्ये लिही. आणि संयुक्त कर्नाटक हा कन्नड पेपर पण बघ, कन्नड वाचायला येतंयच की तुला, नाहीतर सर म्हणतील एकाच बाजूचं लिहिलास.

डीटीपीवाला:
चढवलेलं असतंय म्हणून धरून चालू नको. खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवून छापलेल्या पेपरची फाइलच नसते, कागद स्कॅन करायला लागतो आणि नुसता स्कॅन म्हणजे फोटो, त्यात सर्च कुठनं चालणार. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, आलं तरी भानगड होतीच, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात मराठी अक्षराच्या मागं इंग्रजी अक्षराचा नाहीतर कसल्यातरी चिन्हाचा कोड बसवलेला, फॉन्ट नसला की स्क्रीनवर नुसता कचरा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच कोड, रुळल्यावर कुठं मराठी बातमी गुगलला सापडायला लागली. मधल्या वर्षांचं तर सगळ्यात अवघड, कागद पण नीट ठेवला नाही आणि फाइल असली तरी उघडत नाही, असं बऱ्याच पेपरांचं झालंय.

निपाणीची_काकू:
डिजिटल झाला म्हणजे छापील बंद झाला असं नाही हं. आमच्यात अजून सकाळी पेपर लागतोच, आधी निधनवार्ता मग बाकीचं. पुण्यातली लेक ई-पेपर बघते, ती पण आधी तेच पान उघडते 😄

शहापूरकर:
@खानापूरचा_पोरगा शब्दानं शोधू नको, तारखेनं शोध. 17 जानेवारी 1956 चा गोळीबार आणि त्यानंतरचे अंक, मग 1 नोव्हेंबर 1956, त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. पुढं जायचं असलं तर ऑगस्ट 1967 चा सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल, 1 जून 1986 कन्नडसक्तीचं आंदोलन. यादी घेऊन सार्वजनिक वाचनालयात विचार, बांधलेल्या फायली कुठल्या सालच्या हायत ते आधी बघ.

खानापूरचा_पोरगा:
भारी, थँक्यू. मोबाईलनं फोटो काढू देतील काय?

डीटीपीवाला:
विचारून काढ. फ्लॅश बंद, आणि वरची तारखेची ओळ फोटोत घे, नाहीतर नंतर कुठला अंक कळणार नाही.