'गडी घरचाच असायचा' म्हणणाऱ्यांनी आधी माप दाखवावं

बांधावरून

गेले दोन दिवस एक पोस्ट कोकणातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. सार एवढंच: जुन्या घरांत गडी घरचाच असे, त्याचा पगार कोणी मोजला नाही, सणाला धोतरजोडी मिळे, आताच्या कामवाल्या मात्र महिन्याला चार सुट्ट्या घेऊन वर दिवाळीला बोनस मागतात. खाली सगळ्यांचे डोळे पाणावलेले.

पगार कोणी मोजला नाही हे शंभर टक्के खरं. मोजण्यासारखं होतंच काय? दोन वेळचं जेवण, वर्षाची कापडं, घोंगडी आणि सुगीला ठरलेलं भात. रोख असलीच तर ती आधीच्या उचलीत वळती. आता काम बघा. पावसाआधी कवळ तोडायची, म्हणजे ऐन-किंजळीच्या झाडांवर चढून पानांच्या फांद्या छाटायच्या आणि भारे डोक्यावरून आणायचे. मग राब, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायचा थर, रचायचा: खाली शेण, त्यावर कवळ, वर पातेरा नि गवत, त्यावर मातीचा पातळ थर. आग वाऱ्याच्या उलट्या अंगाने लावायची, म्हणजे सावकाश जळतं आणि जमीन नीट भाजते. एकरभर लावणीला चारेक गुंठे राब लागतो. कवळ कमी पडली की भाजणी कच्ची राहते, तणाचं बी मरत नाही आणि तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, रोपापेक्षा तण जास्त. शिव्या कोणाच्या वाट्याला, ते सांगायला नको. पुढे पेरणी, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. गोठा, पाणी, लाकडं यात धरलेली नाहीत.

आपल्या कथा-कादंबऱ्यांतला गडी यातलं काहीएक करत नाही. तो कंदील धरून पुढे चालतो, धाकट्या मालकाला खांद्यावर घेतो आणि धनी गेले की उंबऱ्याबाहेर बसून रडतो. 'माझी उचल किती राहिली हो?' एवढं एक वाक्य त्याच्या तोंडी आलेलं दाखवा.

आणि घरचा होता तर त्याचा कप पडवीच्या वाशात का खोचलेला असे? कान तुटलेला कप. चहा वरून ओतायचा, प्यायचा, स्वतःच विसळायचा आणि परत तिथेच खोचायचा.

पडवीकर

झालं सुरू. कोकणातला प्रत्येक घरवाला खोत, म्हणजे गावचा सारा गोळा करणारा वतनदार, आणि प्रत्येक खोत कंस! रत्नागिरीत एकेका गावाच्या खोतीचे इतके तक्षीमदार (हिस्सेदार) होते की कोणाच्या वाट्याला दोन आणे, कोणाला काही पै. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. पैच्या खोताच्या घरात गड्याच्या पानात जी पेज, तीच मालकाच्या. 1880 च्या खोती कायद्यानंतर तर कुळाचं देणं कागदावर आलं होतं. सरसकट झोडपू नका.

कादंबऱ्यांचं म्हणाल तर 'तुंबाडचे खोत' वाचा. दोन जाडजूड खंडांत खोतांच्या पिढ्यांचा ऱ्हासच मांडलाय. आरती कुठे ओवाळलीय?

बांधावरून

ऱ्हास कोणाचा? खोतांचाच ना! रडायचं ते वाड्याचे वासे कोसळले म्हणून. त्या वाड्याला वासे कोणी चढवले, हा प्रश्न तिथेही वाड्याच्या आतूनच पाहिला जातो. आणि कायद्याने कागदावर आलं ते कुळाचं देणं. घरगड्याचं काय आलं कागदावर?

तळासरी फाटा

दक्षिणेकडच्या मंडळींना कोकण म्हटलं की बाणकोटच्या खाली एवढंच दिसतं. उत्तरेला ठाणे जिल्ह्यात काय होतं? लग्नगडी. वारली पोराच्या लग्नाला सावकार उचल द्यायचा आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायची. गोम हिशोबात होती. मजुरी खाण्यापिण्यात वळती, मुद्दल जागच्या जागी. मुद्दलाला मजुरी कधी लागायचीच नाही, मग ती फिटणार कशी? 1945 साली तलासरी-डहाणू पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने वेठ आणि लग्नगडी मोडून काढली. पुढची मागणी होती दिवसाला 12 आणे. त्या वर्षी ऑक्टोबरात गोळीबार झाला, माणसं मेली. 'घरच्या' माणसांवर कोण गोळ्या घालतं?

पडवीकर

ठाण्याची लग्नगडी रत्नागिरीच्या गळ्यात मारू नका. दोन वेगळ्या गोष्टी. तिकडे गवत आणि जंगलाचे ठेकेदार, पारशी आणि गुजराती सावकार. आमच्याकडे तो प्रकार नव्हता.

तळासरी फाटा

बरोबर. तुमच्याकडे वाढीदिढी होती.

खळ्यावरचा

आलात एकदाचे मुद्द्यावर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी हिशोब. मृगाला बियाण्याचं किंवा पोटाचं एक मण भात घेतलं, तर कार्तिकात दीड मण परत. फिटलं नाही तर त्या दीडाचं पुन्हा दीडपट, सव्वादोन. तिसऱ्या सुगीला तीन मण साडेचार पायली (मण बारा पायलीचा धरून). एका मणाचे! त्यात घेणारा गडी त्याच घरात राबणारा, म्हणजे वसुलीला दारात जायचीही गरज नाही. सुगीच्या भातातून परस्पर कापलं की झालं.

पडवीकर

अर्धाच हिशोब सांगताय. पावसाच्या तोंडावर भात महाग, सुगीला स्वस्त. समजा जूनमध्ये मण तीन रुपये आणि कार्तिकात दोन. दिलं तीन रुपयांचं, परत आलं दीड मण, म्हणजे तीन रुपयांचंच. व्याज शून्य. दीडपट ऐकायला भयंकर वाटते, पण धान्य वर्षभर राखायचं म्हणजे उंदीर, टोके, बुरशी, ओल. ती नुकसानी कोण सोसणार?

खळ्यावरचा

गणित चोख आहे, मान्य. आता पुढची पायरी करा. ते दीड मण खोत कार्तिकात विकतो का? कणगीत (धान्याच्या कोठीत) ठेवतो आणि पुढच्या जूनला तीनच्या भावाने काढतो, म्हणजे साडेचार रुपये. वर्षाला दीडपट झालीच की. भाव चढेपर्यंत थांबायला कणगी लागते, आणि कणगी एकाच्याच घरात होती.

शिवाय मापाचं काय? देताना निशीग, म्हणजे काठाशी सपाट, घेताना शीग, म्हणजे वर रास रचून.

तीनपायली

शिगेवर कोणी धड बोलतच नाही, म्हणून लिहितो. लोकांना वाटतं शीग म्हणजे वर मूठभर. चार लिटरचं गोल भांडं धरा. तोंड 20 सेंटीमीटर, खोली पावणेतेरा. भाताच्या राशीचा उतार साधारण 37 अंशांचा पडतो, त्यामुळे शीग साडेसात सेंटीमीटर उंच होते. त्यात मावतं पाऊण लिटरच्या वर, म्हणजे मापाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. आता तेच चार लिटरचं भांडं उभट करा, तोंड 14, खोली 26. शीग पाव लिटरची, सात टक्क्यांच्या आत. शीग तोंडाच्या त्रिज्येच्या घनाने वाढते, त्यामुळे पसरट भांड्यात घेणारा एका हाताने लुटतो आणि कोणाला कळतही नाही.

याशिवाय आपटून भरणं. भरताना दोनदा जमिनीवर टेकवलं की दाणे बसतात आणि आणखी मूठ-दोन मूठ मावतं. देताना अलगद ओतायचं आणि काठी फिरवून वरचं उडवायचं.

बांधावरून

मी कामवाल्यांबद्दल धागा काढला होता. आता भूमिती चाललीय. चालू द्या, हे जास्त उपयोगी आहे.

पडवीकर

मुंबई इलाख्यात 1932 साली वजन-मापांचा कायदा आला. शिक्क्याची मापं आली. तरी तुमची शीग चालूच?

तीनपायली

शिक्का भांडं किती मावतं ते ठरवतो. वर किती रचायचं ते ठरवत नाही.

आणखी एक. ठरलं भात की तांदूळ? दोन पायली भाताचे कांडून सुमारे एक पायली तांदूळ होतात. 'वर्षाला अमुक मण' असं नुसतं तोंडी ठरलं, आणि गड्याने तांदूळ समजून भात घेतलं, की निम्मं गेलं. कांडण्याची मेहनत पुन्हा त्याच्या बायकोची.

चरीची वाट

रत्नागिरी आणि ठाणे झालं असेल तर अलिबागकडे या. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, जमीन मालकाची, पण बाहेरकाठा (भरती अडवणारा बांध) राखायचा कुळाने. भरतीला बांधाला खांड पडली की खारं पाणी आत, आणि पाऊस मीठ धुऊन काढेपर्यंत दोन-तीन वर्षं पीक नाही. खांड बुजवायला भरती-ओहोटीच्या मधल्या चार-पाच तासांत माती टाकायची. उशीर झाला की पुढची भरती टाकलेलं सगळं घेऊन जाते. या रात्रपाळीचा मोबदला? कुठल्याही मापात नाही.

म्हणून 1933 ते 1939 चरीला संप झाला. नारायण नागू पाटलांच्या मागे लोकांनी सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत. लाकडं तोडून, मिळेल ती मजुरी करून जगले. त्याच काळात, 17 सप्टेंबर 1937 ला, बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, म्हणजे खोतीच्या पट्ट्यातलंच. विधेयक पास झालं नाही. खोती गेली 1949 च्या कायद्याने आणि कसणाऱ्याला मालकी द्यायला 1 एप्रिल 1957 उजाडावा लागला. घरच्यासारखं वागवत असते तर एवढा खटाटोप कशाला?

पडवीकर

कूळ आणि घरगडी यांची खिचडी करू नका, हे चौथ्यांदा सांगतोय. कूळ जमीन कसतं, गडी घरात राहतो. कूळ कायद्याने गड्याला गुंठा मिळाला नाही.

बांधावरून

सोन्यासारखं बोललात! कुळाला निदान सातबारा दाखवायला मिळाला. घरगड्याच्या हातात काय आलं? कान तुटका कप.

चरीची वाट

इथे पडवीकरांना मार्क द्यावे लागतील. रागानेच देतोय.

गिरगावकर

सगळे गावातच अडकलात. रत्नागिरीचा माणूस मुंबईला गेला तो फक्त गिरणीत नाही. सेठ लोकांच्या घरी भांडी, लादी, पोरं सांभाळणं. मुंबईत घरगड्याचं नावच 'रामा' पडलं, बारशाला काहीही ठेवलेलं असो. वळकटी जिन्याखाली किंवा गॅलरीत, मनीऑर्डर गावाला. एकाच घराण्यात एक भाऊ मुंबईत रामा आणि दुसरा गावात कोणाचा तरी गडी राबवणारा, असंही होतं. कथेत मात्र रामा येतो तो इनोदी बोली बोलून हशा मिळवायला.

हापूसवाला

इतिहास पुरे. आजच्या बागा बघा. मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत नेपाळी जोडपं बागेतल्या खोपीत. दिवसा माकडं, रात्री चोर, मधे फवारणीची पाठीवरची टाकी. मुकादमाने आगाऊ दिलेली उचल हंगामाच्या शेवटी वळती. पडवीकर, ओळखीचं वाटतंय का काही?

पडवीकर

तो करार आहे. माणूस स्वखुशीने येतो, पैसे घेऊन जातो. बागायतदारही कर्जात असतो हे कोणी लिहिणार नाहीच.

तळासरी फाटा

उचल देऊन राबवणं यावर 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. सगळी उचल त्यात येत नाही. पण फिटेपर्यंत जाऊ दिलं नाही किंवा किमान वेतनाखाली राबवलं तर येते. वहीत रोजचा दर लिहिता की नाही एवढं सांगा. कामवाल्यांवर जळणाऱ्यांनीही ऐकावं: 2008 पासून राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, 18 ते 60 वयाच्या बाईची नोंदणी होते. बोनसवरून रडण्यापेक्षा तिची नोंदणी करून द्या.

हापूसवाला

वहीत लिहितो. सगळे लिहीत नाहीत हेही मान्य.

तीनपायली

माझा प्रश्न तसाच राहिला. पडवीकर, सरळ उत्तर द्या. गड्याचं सुगीचं भात मोजताना काठी फिरवायचे की शीग लावायचे?

पडवीकर

काठी फिरवायचे. काही घरी शीग देत, पण तेवढं तुम्हाला चालणार नाही. बाकी तुमचे 37 अंश तुम्हाला लखलाभ.