डाळिंब आणि भाजीपाला गटासाठी वर्षभराचं प्रशिक्षण कसं आखावं? (सांगोला)

माणकाठ_गट:
नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यातला 27 जणांचा गट आहे. 21 जणांकडे भगवा डाळिंब, बाकी सहा जणांकडे टोमॅटो आणि शेडनेटमधली ढोबळी मिरची. आत्माकडे (जिल्ह्याची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) नोंदणी आहे. एकेक दिवसाची प्रशिक्षणं बरीच झाली: सभागृह, पडद्यावरची चित्रं, जेवण, हजेरीपत्रक, फोटो. पण बागेतल्या कामात फरक दिसत नाही. दरवेळी "तेल्याला औषध कोणतं" हाच प्रश्न (तेल्या म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूजन्य डागांचा रोग) येतो आणि उत्तर वहीत राहून जातं.

यंदा हस्त बहार (पावसाळा सरताना धरायचा डाळिंबाचा फुलोरा) डोळ्यासमोर ठेवून वर्षभराचं आखायचं आहे. विषय कोणत्या क्रमाने घ्यावेत, कुठल्या संस्थेकडे नेमकं काय मागावं, आणि शिकलेलं बागेत उतरलं की नाही हे मोजायचं कसं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

शिवारफेरी:
क्रम पिकानेच ठरवू द्या. ज्या आठवड्यात ते काम बागेत करायचं आहे, त्याच आठवड्यात ते शिकवायचं. मे महिन्यात शिकवलेली छाटणी सप्टेंबरपर्यंत कुणाच्या हातात राहत नाही.

हस्त बहाराचा हिशोब असा. तोडणी आटोपली आणि बाग विश्रांतीला गेली की, खतं टाकायच्या आधी, माती नमुन्याचं सत्र. झाडाच्या सावलीच्या कडेला, ड्रीपरच्या अगदी खाली नाही, बागेत नागमोडी फिरत 8-10 ठिकाणी खड्डे. 0-30 आणि 30-60 सें.मी. थरांची माती वेगवेगळ्या घमेल्यांत. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरली की अहवाल त्या पोत्याचाच येतो, हे प्रत्येकाला बजावून सांगा.

पावसाळा लागला की तेल्याची ओळख, कारण तेव्हा तो पानावर खरा दिसतो. पान उजेडाकडे धरून पाहायला लावा: ठिपका तेलकट, पाणी शोषल्यासारखा, उजेड आरपार येतो आणि भोवती पिवळी कडा असते. फळावर काळा डाग पडून तो इंग्रजी वाय किंवा एलच्या आकारात तडकतो. बुरशीचा डाग असा तडकत नाही. हा फरक 27 जणांच्या डोळ्यांत बसला तर निम्म्या चुकीच्या फवारण्या थांबतील, कारण जिवाणूचा रोग आणि बुरशीचा रोग यांना औषध बहुतेकदा एक नसतं. रोगट फांदी एका बागेतून दुसऱ्या बागेत दाखवायला नेऊ नका. लोक त्या बागेत यावेत, आणि जाताना हात व चपला धुऊन निघावेत.

त्याच सुमारास बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं द्रावण) करायला शिकवा. ते सगळ्यांना येतं असं वाटतं, पण निम्म्यांचं फाटतं. 1 टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद 50 लिटरमध्ये, चुना विझवून, गाळून उरलेल्या 50 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या ड्रममध्ये. मग दोन गड्यांनी दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये सारख्या धारेने ओतायची, तिसऱ्याने लाकडी काठीने ढवळायचं. रंग निळ्या आभाळासारखा यायला हवा. आता घासून स्वच्छ केलेला विळा एक मिनिट बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर आम्ल शिल्लक आहे, पानं जळतील. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत पुन्हा तपासा. आधी दाट द्रावणं एकत्र करून मागून पाणी घातलं तर कण जाड होतात आणि नोझल तुंबतो. चुना उघड्या पोत्यातला, हवेने विझलेला असेल तर कितीही घाला, जोर येत नाही. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. सत्रात मुद्दाम एक ड्रम चुकीचा बनवून शेजारी ठेवा. अर्ध्या तासात खाली बसलेला गाळ लोकांना जे दाखवतो ते भाषणातून समजत नाही.

ऑगस्टमध्ये ठिबक, त्यावर खाली कुणीतरी जास्त जाणकार लिहील. सप्टेंबरमध्ये ताण (बागेचं पाणी तोडणं), पानगळ, छाटणी. इथे घाई करू नका. ताणाचे दिवस जमिनीवर ठरतात, मुरमाड रानात कमी लागतात, काळ्या रानात जास्त, आणि मध्ये पाऊस झाला तर मोजणी बिघडते. पानगळीसाठीच्या इथ्रेलचं प्रमाण 1 ते 2 मि.ली. प्रति लिटर या हद्दीत, ताणाने पानं आधीच किती गळाली आहेत ते बघून. हे एका बागेत पाहून सगळ्यांनी उचलायचं नाही. सत्रात तीन वेगवेगळ्या जमिनींच्या बागा फिरा आणि प्रत्येक ठिकाणी पानं पिवळी पडून किती झडली ते मोजा, मगच बोला.

ठिबकवाला_मोहोळ:
ठिबकचं सत्र बागेत घ्या आणि प्रत्येकाच्या हातात मोजपात्र द्या. 4 लिटर प्रति तासाचा ड्रीपर 3 मिनिटांत 200 मि.ली. देतो. एका व्हॉल्व्हखाली पहिली, मधली आणि शेवटची नळी. प्रत्येक नळीवर सुरुवात, मध्य आणि शेवट. असे नऊ ड्रीपर मोजले की खोली न भरवता सगळं कळतं. 180 च्या खाली बरेच येत असतील तर आधी दाब बघा, मग गाळणी, मग आम्ल. लोक थेट आम्लावर जातात आणि बिघाड फिल्टरमध्ये असतो.

आम्लाची मात्रा ठोकताळ्याने सांगू नका. आपल्या बोअरचं पाणी जड, प्रत्येकाचं वेगळं. एक लिटर पाणी बादलीत घ्या, सिरिंजने अर्धा-अर्धा मि.ली. आम्ल सोडत सामू (pH) कागदावर 4 येईपर्यंत मोजा. जितके मि.ली. लागले तितकं प्रत्येक लिटरला. शेवटच्या नळीच्या टोकाला 4 दिसला की पंप बंद, 24 तास तसंच ठेवायचं, मग आधी मुख्य वाहिनी, नंतर सबमेन, शेवटी नळ्यांची टोकं उघडून धुवायची. हा क्रम उलटा केला तर सुटलेली घाण पुन्हा ड्रीपरमध्ये जाते. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. क्लोरीनचं काही जवळपास असेल तर त्या दिवशी आम्ल हातात घेऊ नका, एकत्र आले की विषारी वायू निघतो. हातमोजे आणि चष्मा नसलेल्याला सत्रात उभं करू नका, मग तो गटप्रमुख असला तरी.

पालेभाजी_बार्शी:
वरच्या दोघांचं पटतं, पण भाजीपाल्याची सहा माणसं डाळिंबाच्या वेळापत्रकात कोंबू नका. टोमॅटो चार-पाच महिन्यांत आटोपतो. त्यांना दर 10-15 दिवसांनी, सकाळी दीड तास, शेतीशाळेच्या पद्धतीने बसवा: 10 झाडं मोजायची, फुलं पांढऱ्या कागदावर झटकून फुलकिडे मोजायचे, टुटा नागअळीच्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे, मित्रकीटक वेगळे नोंदवायचे आणि मग फवारायचं की थांबायचं ते त्यांनीच ठरवायचं. उत्तर तज्ज्ञाने शेवटी द्यायचं, आधी नाही.

शेडनेटवाल्यांसाठी एक प्रयोग मात्र जरूर करा. काचेच्या दोन बाटल्या. एकीत कॅल्शियम नायट्रेट दाट विरघळवा, दुसरीत मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही पारदर्शक. एकत्र ओतून थोडं थांबा, दुधाळ होऊन तळाला पांढरं बसतं. तो जिप्सम आहे, आणि तोच ड्रीपरच्या तोंडात बसतो. खतांच्या दोन टाक्या वेगळ्या का ठेवायच्या हे यानंतर कुणाला सांगावं लागत नाही. ईसी (द्रावणातल्या क्षारांचं माप) आणि सामू मीटर प्रमाणित द्रावणात तपासायला त्याच दिवशी शिकवा. न तपासलेला मीटर हातात असण्यापेक्षा नसलेला बरा.

कात्री_आणि_गन:
एक महत्त्वाची गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. प्रशिक्षणाला बागायतदार येतो, आणि कात्री व फवारणीची गन धरतो दुसराच. छाटणीची टोळी, फवारणीचा गडी, फळं विरळणाऱ्या आणि तोडणाऱ्या बायका, यांना कुणी बोलवत नाही. तेल्या त्यांच्या कात्रीवर बसून गावभर फिरतो, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

टोळीसाठी दोन तासांचं सत्र पुरतं. माणशी दोन कात्र्या: एक हातात, एक 2.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, झाड बदललं की अदलाबदल. बाटलीवरची टक्केवारी वाचून पातळ करायचं. 5 टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी. उन्हात त्याचा जोर उतरतो म्हणून रोज नवं करायचं, डबा सावलीत. लोखंडाला ते खातं, म्हणून संध्याकाळी कात्र्या धुऊन, पुसून, तेलाचा हात. रोगट झाडं सगळ्यात शेवटी. छाटलेलं बांधावर न टाकता त्याच दिवशी बाहेर काढून जाळायचं.

गनवाल्यासाठी मोजणी. गन बादलीत एक मिनिट धरा, समजा 8 लिटर आलं. एका झाडाला किती सेकंद देतो ते मोबाईलवर मोजा. 4.5 × 3 मीटरवर एकरी साधारण 300 झाडं. 12 सेकंद म्हणजे झाडाला 1.6 लिटर, एकरी 480. तोच गडी दुपारी दमून 18 सेकंद थांबला तर 720 लिटर. औषध लिटरच्या प्रमाणात घातलं असेल तर एकरी दीडपट गेलं आणि मालकाला पत्ता नाही. पिवळा पाणीसंवेदी कागद झाडाच्या आत, पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा; थेंब पडतो तिथे निळा होतो. कोरड्या हाताने धरा, घामानेही निळा होतो. बहुतेक बागांत बाहेरचा कागद पूर्ण निळा आणि आतला पिवळा निघतो. तो कागद गड्याच्या हातात द्या, तो स्वतःच गनचा कोन बदलतो.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी ते तोडणी यांतले किमान दिवस) वाचायलाही त्यांनाच शिकवा. लाल म्हणजे सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

केगाव_रस्ता:
संस्थांचं थोडक्यात. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या दारात, सोलापूरजवळ केगावला आहे; स्थापना 2005 ची. मर (झाड वाळवणारा रोग), तेल्या, सूत्रकृमी (मुळांवरचे सूक्ष्म कृमी), वाण यासाठी तिथेच जा. कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्यात दोन, खेड आणि मोहोळ. पॅकहाऊस, प्रतवारी, निर्यात आणि हरितगृह यांसाठी तळेगाव दाभाड्याला पणन मंडळाची प्रशिक्षण केंद्रं आहेत. गटातल्या एखाद्या तरुणाला रीतसर शिकायचं असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे कृषी अभ्यासक्रम शेती सांभाळून करता येतात. अभ्यास दौरा, शेतीशाळा यांसाठी आत्माच्या तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापकाकडे गटाचा ठराव आणि सभासद यादी जोडून अर्ज करा.

अर्जात "डाळिंब व्यवस्थापन" असं लिहू नका, त्याला भाषणच मिळतं. "मर लागलेल्या झाडांच्या मुळांची तपासणी, बागेत, 25 जण, सकाळी 7 ते 10" असं लिहा. मुळांचा नमुना आधी पाठवत असाल तर ड्रीपरजवळची 15-20 सें.मी. खोलीची ओली माती बारीक मुळांसकट अर्धा किलो, प्लास्टिकच्या पिशवीत, सावलीत. वाळवलेल्या मातीत सूत्रकृमी सापडत नाहीत.

आणि गट ज्या दुकानातून सल्ला घेतो त्या दुकानदाराला सत्रात बसवा. निविष्ठा विक्रेत्यांसाठी देसी (DAESI) हा 48 आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे; तो केलेला दुकानदार असेल तर निम्मं काम सोपं.

माणकाठ_गट:
मनापासून आभार. टोळीचा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता. दोन शंका. टोळी कामाचा दिवस सोडून प्रशिक्षणाला येईल का? आणि मोजमाप काय ठेवावं?

कात्री_आणि_गन:
येणार नाही, आणि यावंही का? अर्ध्या दिवसाची मजुरी गटाने द्यावी आणि सत्र त्याच दिवशीच्या छाटणीच्या पहिल्या बागेत घ्यावं. द्रावणाचे डबे आणि जादा कात्र्या गटाच्या मालकीच्या ठेवा, टोळीबरोबर बागेतून बागेत जाऊ द्या. मुकादमाला आधी एकट्याला शिकवा. टोळी त्याचं ऐकते.

शिवारफेरी:
मोजमाप कागदी परीक्षेने नको. पाच बागा ठरवा, प्रत्येकीत 20 झाडांना रंगाची खूण करा. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि तोडणीआधी त्याच झाडांवर तेल्याची पानं आणि फळं मोजा. त्याच बागांत नऊ ड्रीपरची मोजणी सत्राआधी एकदा, दोन महिन्यांनी एकदा. एकरी फवारणीचं पाणी लिटरमध्ये. फवारणीची वही: तारीख, औषध, प्रमाण, कारण; "कारण" हा रकाना रिकामा राहिला तर ती फवारणी कुणाच्या तरी सांगण्यावरून झाली असं धरा. सत्राला न आलेल्या दोघांच्या बागाही, त्यांची परवानगी घेऊन, तशाच मोजा, नाहीतर पाऊस कमी झाला म्हणून तेल्या घटला की शिकल्यामुळे, हे कळणार नाही. आकडे पुढच्या सत्रात सगळ्यांसमोर वाचा, पण बागायतदाराचं नाव न घेता, बागेच्या क्रमांकाने.