'डिड नॉट वेंट' कसं सोडवायचं?

प्रश्न (म्हापसा): नववीची मुलं 'आय डिड नॉट वेंट टू पणजी' लिहितात. कितीदा सांगितलं तरी तेच. उपाय?

फोंड्याहून: मराठीत 'गेलो नाही' म्हणताना भूतकाळ क्रियापदातच असतो, म्हणून हात 'वेंट'कडे जातो. इंग्रजीत तो भार 'डिड' उचलतं. पुढे मूळ रूप, 'गो'. होकारार्थी वाक्यं ५ द्या, नकार आणि प्रश्न करायला लावा.

मडगावहून: 'गो-वेंट-गॉन'सारख्या अनियमित क्रियापदांची यादी अकारविल्हे घोकायला लावू नका हो! गट पाडा: कट, पुट, हिट तिन्ही रूपांत तसेच, सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट. 'हॅव'नंतर मात्र तिसरंच रूप: 'हॅव गॉन'.

फोंड्याहून: 'रीड'चं स्पेलिंग भूतकाळातही तेच, उच्चार 'रेड'. मोठ्यानं वाचून घ्या.