प्रति: ४००० केव्हीच्या मोटरला ३ सेल चालेल का?

दादा, तुमच्या रिमोटच्या गाडीच्या ४००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला ४००० फेऱ्या; किलोव्होल्ट नव्हे) मोटरला ३ सेलची बॅटरी चालेल का, हे ठरवताना तुम्ही ११.१ व्होल्ट धरून ४४,४०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) काढलेत आणि मोटरची मर्यादा ५०,००० म्हणून निर्धास्त झालात. पण ३ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण चार्ज झाली की १२.६ व्होल्ट देते, म्हणजे ५०,४००. गाडी उचलून चाकं हवेत ठेवून फुल थ्रॉटल दिला की मोटर जवळपास तिथपर्यंत जाते, टायरही फुगतात. ते कृपा करून करूच नका. रोटरवरचं (मोटरच्या फिरत्या भागावरचं) चुंबक सुटलं आणि तुकडा आत अडकला, की वाइंडिंग (तारेची गुंडाळी) गेलंच, कधीकधी ईएससीसुद्धा (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट).

पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं दातेरी चाक) लहान करून ही ५०,००० ची मर्यादा वाढत नाही. त्यानं भार आणि तापणं कमी होतं. आणि आपल्या सोलापुरात खरी काळजी तापण्याचीच. मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश, मैदानातली काळी माती तर विचारूच नका. साध्या निओडायमियम चुंबकाची ताकद ८० अंशांपुढे कायमची घटू लागते. पाचेक मिनिटं पळवून मोटरच्या कॅनवर (बाहेरच्या धातूच्या आवरणावर) इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. ७० दिसले की थांबा, आत त्याहून जास्त असतं.

२ सेलवर पूर्ण चार्जलाही ३३,६०० आरपीएमच मिळतात. उन्हाळाभर तेवढ्यावरच चालवा.