उंची मोटरच्या अक्षरावर ठरत नाही

उत्तरवारा :
परवा इथे एकाने लिहिलं, "हौशी रॉकेटला उंची हवी ना? मग परवडेल तेवढी जोरकस मोटर घ्या. नाकाचा आकार, फिनच्या (शेपटाकडच्या पंखांच्या) कडा, पॉलिश हे नंतरचे चोचले." खाली 'सहमत'ची रांग. नवी मुलं असलं वाचून हजार-हजार डॉलर घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोटरला अक्षर मिळतं ते तिच्या एकूण इम्पल्सवरून, म्हणजे जोर गुणिले जळण्याचा वेळ. एम म्हणजे ५,१२० ते १०,२४० न्यूटन-सेकंद. अक्षर एवढंच सांगतं. ही ताकद तीन सेकंदांत ओतायची की आठ, हे ते सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, वेगाच्या वर्गाने वाढतो. हवा सगळ्यात दाट जमिनीलगत असते, साडेसहा किलोमीटरवर तिची घनता जवळपास निम्मी होते. म्हणजे खालच्या दाट हवेत मॅक २, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेग, गाठणं ही शुद्ध उधळपट्टी.

माझं रॉकेट ७५ मिमीचं, मोटरच्या नळीएवढंच अंग, व्हॉन कारमन नाक (कमी ड्रॅगचा निमुळता आकार). अमेरिकेतल्या नेवाडात, ब्लॅक रॉकच्या वाळवंटात ते तीन सेकंदांच्या एम मोटरवर उडवलं तेव्हा २८,४०० फूट गेलं. पुढच्या वर्षी तेच रॉकेट, जवळपास तेवढाच इम्पल्स, पण आठ सेकंद जळणारी मोटर. गेलं ३२,१०० फूट. टोकाचा वेग कमी, उंची ३,७०० फुटांनी जास्त. पहिल्या खेपेला उचललं तेव्हा फिनच्या पुढच्या कडेचं इपॉक्सी फुगून तपकिरी झालं होतं, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. वर जायची ताकद आपण कडा भाजण्यात घालवली, हे मला त्या दिवशी कळलं.

रेलवाला :
वारा पडलेला असेल तर तुमचं सगळं बरोबर. पण वाळवंटात दुपारी वारा पडलेला कुणी पाहिलाय?

आम्ही पुण्याहून खोकी बांधून न्यू मेक्सिकोला स्पर्धेला गेलो होतो, ३०,००० फुटांच्या गटात. सिम्युलेशनमध्ये लांब जळणारी मोटर छान दिसली, तीच घेतली. रॉकेट रेल (उड्डाणाची उभी पट्टी) सोडताना इतकं हळू होतं की बघणाऱ्यांनी श्वास धरला. रेल सुटली आणि त्याने वाऱ्याकडे मान वळवली. पुढची सगळी ताकद आडवं जाण्यात गेली. उंची ठरवल्याच्या निम्मी, आणि सांगाडा सापडायला दीड दिवस उन्हात पायपीट. सोबतचा मुलगा ढसाढसा रडला. वर्षभराची मेहनत होती.

रेल सोडताना वाऱ्याच्या किमान चौपट वेग हवा. तो जोरकस मोटरच देते. आणि यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांचं रॉकेट आफ्टरशॉक २ विसरलात? ऑक्टोबर २०२४, त्याच ब्लॅक रॉकवरून १४३ किलोमीटर. दोन सेकंदांत आवाजाचा वेग ओलांडला त्याने. तिथे कुठे हळूहळू जाणं आलं?

उत्तरवारा :
ते रॉकेट दीडशे किलोचं! आकार दुप्पट केला तर वस्तुमान आठपट होतं आणि छेदाचं क्षेत्रफळ चौपटच. जड रॉकेटला ड्रॅग तेवढा अडवत नाही. त्याचा नियम ७५ मिमीच्या काडीला लावू नका. शिवाय त्यांनीही फिनच्या कडांना टायटॅनियम लावलं होतं, चोचला म्हणून नाही.

रेलवाला :
मग वजनाचं तरी मान्य करा. हलकं ते चांगलं, ही इथली दुसरी अंधश्रद्धा. मोटर विझल्यावर रॉकेट तरंगत वर जातं ते वस्तुमानाच्या जोरावरच. फार हलकं असेल तर पिसासारखं थांबतं.

उत्तरवारा :
हे मान्य. पण मोटरचं मान्य नाही.

गणिती :
मला मूळ वादात पडायचं नव्हतं, पण दोन्ही उंच्या मोजल्या कशाने? बॅरो (बॅरोमीटर) की जीपीएस?

उत्तरवारा :
पहिल्या वेळी जीपीएसचा उपग्रहांशी संपर्क तुटला होता, म्हणून बॅरो. दुसऱ्या वेळी जीपीएस. फरक काय पडतो?

गणिती :
फरक काय पडतो म्हणजे? बॅरो दाबावरून उंची काढतो आणि हवा प्रमाण तापमानाची आहे असं धरून चालतो. ब्लॅक रॉक जवळपास १,२०० मीटरवर. तिथे प्रमाण तापमान सातेक अंश, आणि सप्टेंबरच्या दुपारी असतं तीसच्या आसपास. गरम हवा फुगलेली असते, त्यामुळे बॅरो उंची कमी दाखवतो. दहा अंशांच्या फरकाला चारेक टक्के. तुम्ही कमी दाखवणाऱ्या आकड्याशी खरा आकडा ताडून बघताय, आणि त्यावर मुलांना उपदेश करताय.

उत्तरवारा :
उपदेश नाही, अनुभव सांगतोय. बारा वर्षं स्वतःच्या पैशाने उडवतोय, कुणी आयतं दिलेलं नाही.

गणिती :
बारा वर्षांनी बॅरो सुधारत नाही. दुसऱ्या उड्डाणाचा बॅरोचा आकडा द्या.

नाशिकची सई :
भांडा खुशाल. इथे दुकानात जाऊन एम मोटर घेता येत नाही, आम्ही साखर इंधन म्हणून वापरणाऱ्या मोटरवर एक किलोमीटर गाठला तरी पेढे वाटतो. ज्या देशाने १९६७ मध्ये केरळातल्या थुंब्याहून ७५ मिमीचंच रोहिणी रॉकेट उडवलं, तिथे हौशी माणसाला अजून धड वाट नाही, याचं फार वाईट वाटतं.

आणि दोघांचं भांडण थुंब्याला आधीच मिटलंय. १९६३ चं नाइकी-अपाची दोन टप्प्यांचं होतं. खालचा टप्पा जोरकस, रेलवरून सरळ काढणारा. मग काही सेकंद मोटर बंद, नुसतं जात राहायचं. हवा विरळ झाली की वरचा टप्पा पेटवायचा.

रेलवाला :
पेटला तर! विरळ हवेत इग्नायटर दगा देतो, आणि तोवर रॉकेट कललेलं असेल तर वरचा टप्पा आडवा सुटतो. कल मोजून पेटवणं रोखणारं सर्किट नसेल तर हा प्रयोग करू नये.

उत्तरवारा :
जुना लॅपटॉप काढला. दुसऱ्या उड्डाणाचा बॅरो : ३०,७०० फूट. म्हणजे बॅरोशी बॅरो ताडला तर फरक ३,७०० नाही, २,३०० फूट. गणिती, तुमचं बरोबर होतं. वर पोस्टमध्ये आकडा बदलतो. तरी आठ टक्के उरतात, आणि ते मोटरचेच आहेत.

गणिती :
फिनच्या कडा मधे नव्या केल्या होत्या ना?

उत्तरवारा :
...केल्या होत्या. ४०० च्या पॉलिशपेपरने घासून.

गणिती :
मग आठही पूर्ण मोटरचे नाहीत.

उत्तरवारा :
ठीक. येत्या सप्टेंबरला दोन्ही मोटरी एकाच दिवशी, त्याच फिन, दोन्ही वेळा बॅरो आणि जीपीएस दोन्ही. आकडे इथेच टाकीन, माझ्या विरुद्ध गेले तरी.

रेलवाला :
रेल सोडतानाचा वेग आणि त्या वेळचा वाराही लिहा.