‘वाड्यावरचे सगळे’ ग्रुप : तात्या विंचू आणि आप्पांचा गाराणा

बाळूदादा: काल कुडाळाक गेलेल्यांनी काय ता सांगा. दुकान सोडून माका येवक गावला नाय, तिकीट ओमक दिलंय.

सुलू: दादा, घसा बसलाय हसून. दुपारी लिहिते सविस्तर.

नानाकाका: कसला नाटाक होता?

सुलू: नाटक नाही काका, पिक्चर. झपाटलेला. पडद्यावर पिक्चर चालू आणि खाली स्टेजवर दोन पोरगे माईक घेऊन त्याची टिंगल करणार, असा कार्यक्रम.

नानाकाका: झपाटलेलो म्हणजे बाटलीत बारको लक्ष्या आसा तोच मां?

शमावहिनी: नाही हो काका, तो धडाकेबाज. बाटलीतला गंगाराम. हा बाहुल्याचा, तात्या विंचू.

नानाकाका: हां हां. माका सगळे लक्षे सारखेच.

मंदाआत्या: आंब्याच्या दोन पेट्या माझ्या आहेत, कोणीतरी लक्षात ठेवा. आणि टिंगल कशाला करायची? चांगला पिक्चर होता. ९० चा ना?

ओम: १९९३. तिकिटावरच छापलेलं.

ओम: मला वाटलं लोक घाबरतील. लोक तर पडद्यावरच्यांच्या आधी डायलॉग म्हणत होते. ‘ओम फट् स्वाहा’ आलं की आपली अख्खी रांग माझ्याकडे बघायची.

बाळूदादा: नाव ठेवतानाच मी तुझ्या आवशीक सांगी होतंय.

शमावहिनी: तुम्ही बारशाला झोपला होतात.

ओम: पण बाहुला भारी आहे. तेव्हा ग्राफिक्स होतं?

मंदाआत्या: ग्राफिक्स कसलं रे! रामदास पाध्ये. अर्धवटराव ज्यांच्याकडे आहे ते. अर्धवटराव त्यांच्या वडिलांचा, आणि हा विंचू यांचा. मी शाळेच्या गॅदरिंगला अर्धवटराव बघून आलेले, आठवडाभर पोट न हलवता बोलायची प्रॅक्टिस करत होते.

बाळूदादा: पोट नाय गो, ओठ.

*हा मेसेज डिलीट केला गेला आहे*

सुलू: जेवण झालं, आता ऐका. त्या दोघांतला एक हवालदाराची टोपी घालून होता. दुसरा चक्क संकासुर. आपल्या दशावतारातला, काळ्या कपड्यातला. तात्या विंचू मंत्र म्हणायला लागला की हा कमरेवर हात ठेवून पडद्याकडे बघायचा : ‘मेल्या, मी अख्खे वेद चोरलंय, तरी माका पोरां हसतत. आणि तू एका मंत्रार भाव खातंस?’ महेश कोठारे ‘डॅम इट’ म्हणाला तेव्हा सगळा हॉल ओरडला, आणि हवालदार नम्रपणे म्हणतो, ‘सायबानू, हयसर मेल्या म्हणतत.’ माझ्या शेजारच्या बाईंच्या नाकातून कोकम सोडा आला.

नानाकाका: पाठ केल्यानी आसतले.

सुलू: नाही हो, बरंचसं आयत्या वेळचं होतं. मध्येच कोणाचा तरी मोबाईल वाजला, तर संकासुर म्हणाला, ‘घे उचलून, यमाचो आसात.’

नानाकाका: मगे तो दशावतारीच. आमच्यात लिवलेला काय नसता. आख्यान ठरला की रंगार जावन जा सुचात ता बोलूचा. आप्पा तेच्यात तयार.

सुलू: आप्पांवरच येतेय. त्याआधी एक. लक्ष्या पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा त्या दोघांनी माईक खाली ठेवले. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. २००४ साली गेला तो, तरी त्याला बघून पुढच्या रांगेतल्या चार वर्षांच्या पोरीला हसू आवरेना. मग हवालदारच म्हणाला, ‘बस झाला, आमचा पोट हेच्यारच आसा.’

सुलू: आता आप्पा. ९५ ची चवथ आठवतेय कोणाला? टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणलेला. आरती, भजन, काळ्या वाटाण्याची उसळ-पाव सगळं आटपून साडेबाराला कॅसेट लागली. खळ्यात निम्मी वाडी. बाहुला लक्ष्याच्या अंगात शिरायला बघतोय आणि लाईट गेली. अर्धा तास झाला तरी कोणी उठेना, कारण ते बघून अंधारात पाणंदीतून जायचं कोणी? शेवटी आप्पांनी गॅसबत्ती पेटवली आणि म्हणाले, ‘पुढचा मी सांगतंय, माका म्हायत आसा.’

मंदाआत्या: त्याला काही माहीत नव्हतं. त्याने पण पहिल्यांदाच बघितलेला.

सुलू: मला हे काल कळलं, आत्या!! आप्पांच्या शेवटात तात्या विंचू पळत पळत आपल्या गावाच्या शिवेवर येतो. तिथे गावाची राखण करणारा देवचार उभा, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. मग लक्ष्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालतो. आप्पा हात जोडून उभे राहिले होते. ‘बा देवा रवळनाथा, ह्यो जो काय परमुलखातलो विंचू वाडीत शिरलो हा, तेका शिवेभायर घाल रे म्हाराजा!’ आणि आम्ही सगळे : ‘व्हय म्हाराजा!’

बाळूदादा: व्हय म्हाराजा

शमावहिनी: व्हय म्हाराजा

सुलू: दुसऱ्या दिवशी मी आणि बाळूदादाने माझी सावंतवाडीची लाकडी बाहुली सुतळीने बांधून कोंबड्यांच्या टोपलीखाली ठेवली.

बाळूदादा: मी नाय. तू एकट्यान.

मंदाआत्या: दोघांनी. कोंबड्या रात्रभर बाहेर, आणि एक तलंग मुंगसाने नेली. आईने मला बोल लावला.

सुलू: तर मी ३० वर्षं हाच शेवट समजून चाललेय. टीव्हीवर इतक्यांदा लागला, पण दर वेळी शेवट मला माहीतच आहे म्हणून आधीच उठायचे. ऑफिसात पैज लावून जेवण हरलेय, तरी वाटायचं त्यांनीच कापलेली प्रिंट बघितली असेल. काल इन्स्पेक्टरने बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मधोमध गोळी घातली आणि खेळ खलास. माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, ‘आणि गाऱ्हाणं?’

ओम: मी खुर्चीखाली गेलो.

सुलू: संकासुराने ऐकलं. ‘कोण गो ती? खयचा गाराणा?’ सांगावं लागलं सगळं, माईक तोंडासमोर धरून. हॉल हसतोय. आणि मागून एक आजोबा उठून गंभीरपणे म्हणतात, ‘आमच्याकडे लक्ष्या तेका वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरसून समुद्रात ढकलता.’

ओम: त्यांच्याकडे पण लाईट गेलेली.

शमावहिनी: 😂😂😂

नानाकाका: आप्पाचो शेवट बरो. बंदूक काय, कोणय मारता.

मंदाआत्या: नाना, तुला ते गाऱ्हाणं पूर्ण येतं का? त्यात कोंबडा पण होता. कोंबडा कबूल करतो तो.

नानाकाका: कोंबडो नाय, नारळ. कोंबडो तुका उशिरा रात्री भूक लागली म्हणान तू घातलंस.

बाळूदादा: ह्या चवथीक प्रोजेक्टर आणूया. पिक्चर लावया आणि शेवटाक बंद करूया. पुढचा नानाकाका सांगतले.

ओम: मेन स्विच मी बंद करतो.

नानाकाका: स्विच कित्याक होयो? चवथीत लाईट आपसूक जाता.

मंदाआत्या: पेट्या दोन. विसरू नका.